लाकडाची २५ मजली इमारत: आग, ओल आणि भूकंपात ती टिकते का?

अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात २०२२ साली 'असेंट' नावाची २५ मजली निवासी इमारत पूर्ण झाली. तिची उंची आहे ८६.६ मीटर. खालचे पार्किंगचे मजले काँक्रीटचे आहेत, लिफ्ट आणि जिन्याभोवतीचा गाभाही काँक्रीटचा आहे. पण वरच्या १९ मजल्यांचे खांब, तुळया आणि स्लॅब चक्क लाकडाचे आहेत.

त्याआधी २०१९ मध्ये नॉर्वेतल्या ब्रुमुंडाल या छोट्या गावात 'म्योसटॉर्नेट' ही १८ मजली, ८५.४ मीटर उंच लाकडी इमारत उभी राहिली. तिच्यात हॉटेल आहे, ऑफिसं आहेत आणि लोक राहतातही.

हे वाचल्यावर कुणाच्याही मनात तेच तीन-चार प्रश्न येतात. आग लागली तर? पाणी मुरलं तर? भूकंप झाला तर? आणि झाडं तोडून पर्यावरण कसं वाचणार? गेली ३० वर्षं संशोधक याच प्रश्नांची उत्तरं शोधत आहेत. काही उत्तरं दिलासा देणारी आहेत, तर काही अपघातांतून, माणसं गमावून मिळालेली आहेत.

मास टिंबर म्हणजे नेमकं काय?

एका झाडाच्या खोडातून निघणाऱ्या तुळईला मर्यादा असते. खोडाच्या जाडीपेक्षा ती जाड होऊ शकत नाही. शिवाय लाकडात गाठी असतात, ते वाकतं, पिळतं. यावरचा उपाय म्हणजे लहान फळ्या एकमेकींना चिकटवून मोठा भाग तयार करणं. अशा जाडजूड, कारखान्यात बनवलेल्या लाकडी भागांना 'मास टिंबर' म्हणतात. त्याचे मुख्य प्रकार असे:

• ग्लुलॅम: फळ्या एकाच दिशेने एकावर एक चिकटवून केलेली तुळई किंवा खांब. जर्मनीतल्या ऑटो हेत्झर यांनी १९०६ मध्ये याचं पेटंट घेतलं होतं. म्योसटॉर्नेटच्या कोपऱ्यातले ग्लुलॅम खांब जवळपास दीड मीटर रुंद आहेत.

• क्रॉस लॅमिनेटेड टिंबर म्हणजे सीएलटी: यात फळ्यांचा एक थर उभा, त्यावरचा आडवा, पुन्हा उभा असे तीन, पाच किंवा सात थर चिकटवतात. प्लायवूडचंच तत्त्व, फक्त पातळ पापुद्र्यांऐवजी जाड फळ्या. त्यातून भिंती आणि स्लॅब बनतात.

• एलव्हीएल: लाकडाचे पातळ पापुद्रे बहुतेक करून एकाच दिशेने चिकटवून केलेला मजबूत भाग.

उंच इमारतींचा मार्ग खऱ्या अर्थाने मोकळा केला तो सीएलटीने. ऑस्ट्रियातल्या ग्रात्स इथल्या तंत्रज्ञान विद्यापीठात गेरहार्ड शिकहोफर यांनी १९९४ मध्ये पूर्ण केलेल्या पीएचडीच्या संशोधनाने त्याचा पाया घातला. लाकूड तंतूंच्या दिशेने मजबूत असतं आणि आडव्या दिशेने कमकुवत. थर आलटून पालटून लावले की पॅनल दोन्ही दिशांनी भार पेलतं आणि ओलीमुळे फुगणं-आकसणंही कमी होतं.

हे भाग कारखान्यातच खिडक्या-दारांच्या जागेसह कापून येतात. साइटवर ते फक्त जोडायचे. लंडनमध्ये २००९ साली झालेल्या 'मरे ग्रोव्ह' या नऊ मजली इमारतीत वरचे आठ मजले सीएलटीचे आहेत. चार सुतारांच्या टीमने ते २७ दिवसांत उभे केले. व्हँकुव्हरमधलं १८ मजली विद्यार्थी वसतिगृह 'ब्रॉक कॉमन्स' २०१७ मध्ये पूर्ण झालं. भाग साइटवर आल्यानंतर त्याचा लाकडी सांगाडा ७० दिवसांच्या आत उभा राहिला.

लाकूड आहे म्हणजे आग लागणारच ना?

लाकूड जळतं, यात वाद नाही. पुण्यात १८२८च्या आगीत शनिवारवाड्याचे लाकडी मजले गेले आणि मागे उरली ती दगडी जोती आणि तटबंदी. प्रश्न असा आहे की ते किती वेगाने जळतं आणि तोवर भार पेलतं का.

काडी क्षणात पेटते, पण मोठा ओंडका तासन् तास जळत राहतो. जाड लाकूड पेटलं की त्याच्या बाहेरच्या भागाचा कोळसा होतो. हा कोळसा उष्णता आत जाऊ देत नाही, त्यामुळे आतलं लाकूड बराच वेळ शाबूत राहतं. युरोपीय मानकांनुसार सॉफ्टवूड मिनिटाला साधारण ०.६५ मिलिमीटर या वेगाने जळतं. म्हणजे तासाभरात जेमतेम ४ सेंटीमीटर. त्यामुळे इंजिनिअर आधीच हिशेब करून तुळई तेवढी जास्त जाड ठेवतात. स्टील जळत नाही, पण ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास ते निम्म्याहून अधिक ताकद गमावतं.

पण एवढ्यावर निश्चिंत होता येत नाही. प्रत्यक्ष खोलीएवढ्या आकाराचे प्रयोग सुरू झाले तेव्हा दोन अडचणी समोर आल्या.

पहिली अडचण ग्लूची. काही प्रकारचे ग्लू उष्णतेने सैल पडले आणि जळालेला थर सुटून खाली पडला. त्यामागचं ताजं लाकूड उघडं पडलं आणि विझत आलेली आग पुन्हा भडकली. यानंतर उत्तर अमेरिकेतल्या सीएलटीच्या मानकात २०१८ मध्ये बदल झाला. आता ग्लूला आगीची कठोर चाचणी पार करावी लागते.

दुसरी अडचण उघड्या छताची. लाकडी छत दिसायला सुंदर दिसतं, म्हणून आर्किटेक्ट ते झाकत नाहीत. फ्रान्समध्ये मोठ्या हॉलच्या आकाराचे 'कोडरेड' नावाचे प्रयोग झाले. त्यात उघड्या सीएलटी छताखाली आग काही मिनिटांत हॉलभर पसरली. ज्वाळा विझल्यानंतरही लाकूड काही ठिकाणी तासन् तास धुमसत राहिलं. म्हणजे इमारत उभी राहिली तरी लोकांना बाहेर पडायला मिळणारा वेळ कमी होऊ शकतो.

म्हणूनच ब्रॉक कॉमन्समध्ये जवळपास सगळं लाकूड जिप्सम बोर्डच्या थरांनी झाकलं आहे आणि स्प्रिंकलर बसवले आहेत. अमेरिकेच्या २०२१च्या आदर्श बांधकाम संहितेत मास टिंबरला १८ मजल्यांपर्यंत परवानगी आहे, पण सर्वात उंच गटात लाकूड पूर्ण झाकावं लागतं. 'असेंट' त्याहून उंच असल्याने तिला वेगळी मंजुरी घ्यावी लागली आणि त्यासाठी तिच्यासारख्या खांबांची तीन तास आगीत चाचणी झाली.

इंग्लंडने वेगळी वाट धरली. २०१७च्या ग्रेनफेल टॉवर आगीत ७२ जणांचा मृत्यू झाला. तिथे पेटलं होतं ते प्लास्टिकचा गाभा असलेलं बाहेरचं आवरण. पण त्यानंतर १८ मीटरपेक्षा उंच नव्या निवासी इमारतींच्या बाहेरच्या भिंतीत ज्वलनशील साहित्य वापरायलाच बंदी आली. त्यामुळे तिथे सीएलटीच्या बाहेरच्या भिंतीही बंद झाल्या.

खरा शत्रू ओल आहे का?

जर्मनीतल्या बाड रायखेनहाल गावात २ जानेवारी २००६ रोजी बर्फाच्या भाराखाली आइस रिंकचं छत कोसळलं. १५ जणांचा मृत्यू झाला, त्यात बहुतेक मुलं होती. छताच्या लाकडी तुळया १९७०च्या दशकातल्या होत्या आणि त्यांत वापरलेला ग्लू पाण्याला टिकणारा नव्हता. रिंकमधल्या दमट हवेने वर्षानुवर्षं तो कमकुवत होत गेला. मूळ हिशेबातल्या चुका आणि देखभालीचा अभाव यांची त्यात भर पडली.

ते आजचं सीएलटी नव्हतं, तरी त्याचा धडा आजही लागू आहे. चिकटवलेल्या लाकडाचं आयुष्य ग्लूवर आणि कोरडेपणावर अवलंबून असतं. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली तर बुरशी लागते, लाकूड कुजू लागतं. बांधकाम सुरू असताना पडणारा पाऊस, बाथरूमची गळती, स्लॅबच्या सांध्यात अडकलेलं पाणी ही त्यातली नेहमीची कारणं. म्हणून आता अनेक इमारतींत लाकडाच्या आत ओल मोजणारे सेन्सर बसवतात.

कारखान्यातली चूकही महागात पडू शकते. अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीत २०१८ मध्ये वनशास्त्र विभागाच्या नव्या इमारतीचं काम सुरू होतं. तेव्हा सीएलटी पॅनलचा थर सुटून त्याचा काही भाग खालच्या मजल्यावर पडला. फळ्या चिकटवताना दाब देण्याआधीच ग्लू सुकू लागला होता. सुदैवाने कुणी जखमी झालं नाही, पण तशी अनेक पॅनल तपासून बदलावी लागली.

भूकंपात काय होतं?

इथे लाकडाची बाजू भक्कम आहे. सीएलटीचं वजन काँक्रीटच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढं असतं. इमारत जितकी हलकी, तितका भूकंपाचा तिच्यावरचा जोर कमी.

२०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोमध्ये १० मजली पूर्ण आकाराची लाकडी इमारत भूकंप निर्माण करणाऱ्या हलत्या प्लॅटफॉर्मवर उभी केली गेली. कोलोराडो स्कूल ऑफ माइन्सचे शिलिंग पेई या प्रकल्पाचे प्रमुख होते. १९९४चा नॉर्थरिज आणि १९९९चा तैवानमधला ची-ची या भूकंपांच्या नोंदी वापरून ती पुन्हा पुन्हा हलवली गेली.

या इमारतीच्या भिंती पायाला घट्ट खिळलेल्या नव्हत्या. पायापासून वरपर्यंत ताणून बसवलेल्या स्टीलच्या सळ्या भिंतींना धरून होत्या. हादरा बसला की भिंती किंचित डोलायच्या आणि सळ्या त्यांना पुन्हा सरळ ओढायच्या. धक्क्याची ऊर्जा वाकणाऱ्या, नंतर बदलता येणाऱ्या स्टीलच्या पट्ट्यांनी शोषली. मोठ्या धक्क्यांनंतरही मुख्य सांगाडा शाबूत राहिला.

वाऱ्यात मात्र हाच हलकेपणा अडचणीचा ठरतो. उंच लाकडी इमारत वाऱ्यात जास्त डोलते. म्हणून म्योसटॉर्नेटमध्ये वरच्या मजल्यांचे स्लॅब मुद्दाम काँक्रीटचे ठेवले आहेत, वजन वाढवण्यासाठी.

आणि सांध्यांचं काय? नॉर्वेतला ट्रेटेन पूल ग्लुलॅमचा होता. २०१२ मध्ये सुरू झालेला हा पूल अवघ्या दहा वर्षांत, १५ ऑगस्ट २०२२ रोजी कोसळला. तेव्हा पुलावर एक कार आणि एक ट्रक होता. दोन्ही चालक वाचले. तपासात दोष निघाला तो एका लाकडी सांध्यात. जिथे स्टीलच्या पट्ट्या आणि पिना लाकडात शिरतात, तिथलं लाकूडच फाटून निघालं होतं.

झाडं तोडून पर्यावरण कसं वाचणार?

जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा ७ ते ८ टक्के आहे. उलट झाड वाढताना हवेतला कार्बन शोषतं. कोरड्या लाकडाचं निम्मं वजन कार्बनचं असतं. त्या हिशेबाने एक घनमीटर स्प्रूसच्या लाकडात ८०० किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो. इमारत उभी आहे तोवर तो हवेत जात नाही.

जर्मनीतल्या पोट्सडॅम इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २०२२ मध्ये एक अंदाज मांडला. शहरांत नव्याने येणाऱ्या ९० टक्के लोकांना मध्यम उंचीच्या लाकडी इमारतींत घरं दिली, तर २१०० पर्यंत १०६ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड वाचू शकतो. पण त्यासाठी लाकडाच्या लागवडीखाली जवळपास १५ कोटी हेक्टर जास्त जमीन लागेल. हे क्षेत्र महाराष्ट्राच्या जवळपास पाचपट होतं.

२०२३ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या दुसऱ्या एका अभ्यासाने उलट बाजू मांडली. लाकडासाठी होणाऱ्या झाडतोडीमुळे येत्या काही दशकांत दरवर्षी ३.५ ते ४.२ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड हवेत जाईल, असं त्याचं म्हणणं आहे. तोडलेल्या झाडाची मुळं आणि फांद्या कुजतात किंवा जळतात, आणि नवं झाड तेवढं वाढायला दशकं लागतात.

दोन्ही गटांचा मूळ मतभेद हिशेबाचा आहे. झाड तोडलं नसतं तर ते वाढतच राहिलं असतं का, हे धरायचं की नाही? त्यामुळे 'लाकूड म्हणजे पर्यावरणपूरक' असं सरसकट म्हणता येत नाही. ते लाकूड कुठल्या जंगलातून आलं, तिथे पुन्हा लागवड झाली का आणि इमारत पाडल्यावर त्याचं काय होणार, यावर उत्तर ठरतं.

भारतात अशा इमारती का दिसत नाहीत?

यामागे धोरणाचा मोठा वाटा आहे. १९८८च्या राष्ट्रीय वन धोरणाने लाकडाला पर्याय वापरण्यावर भर दिला. १९९३ मध्ये केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने, म्हणजे सीपीडब्ल्यूडीने, सरकारी इमारतींत लाकडाच्या वापरावर बंदी घातली. ही बंदी २०२० मध्ये उठली. मधल्या काळात दारं-खिडक्यांच्या चौकटींतही स्टील आणि ॲल्युमिनियम आलं.

भारतात निलगिरी आणि पॉपलरची शेतातली लागवड मोठी आहे, पण ती जास्त करून प्लायवूड आणि कागदाकडे जाते. मास टिंबरची मोठी बाजारपेठ उभी राहायची तर ठरलेल्या दर्जाचं, सुकवलेलं, मोजून तपासलेलं लाकूड सतत मिळायला हवं.

शिवाय वरचे बहुतेक प्रयोग थंड देशांतल्या स्प्रूस आणि पाइनवर झाले आहेत. कोकणातला चार महिन्यांचा पाऊस, मुंबईची दमट हवा आणि वाळवी यांचा विचार त्यांत नाही. भारतात लाकडी इमारतीचा प्रस्ताव आला, तर लाकूड कुठल्या जंगलातलं, ग्लू कुठल्या चाचणीतून गेलेला, सांध्यात पाणी जाणार नाही याची सोय काय आणि वाळवीवर उपाय काय, हे चार प्रश्न मजल्यांच्या संख्येआधी विचारावे लागतील.