विश्रामबागवाडा

पुण्याच्या बाजीराव रस्त्यावरील पेशवेकालीन वाडा. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी राहण्यासाठी बांधला. शनिवारवाड्यापेक्षा त्याचा ओढा इकडेच होता. दर्शनी भागातील सुरूच्या आकाराचे कोरीव लाकडी खांब आणि पुढे झुकलेली मेघडंबरी आजही पाहणाऱ्याला थांबवते.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. १८२१ मध्ये कंपनी सरकारने येथे संस्कृत पाठशाळा उघडली. ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्यासाठी पेशव्यांनी राखलेल्या पैशातून तिचा खर्च चाले. धन्याच्या महालात त्याच्याच दानाचा पैसा नव्या राज्यकर्त्यांनी विद्येकडे वळवला, हा योग मोठा चमत्कारिक! या पाठशाळेतूनच पुढे पूना कॉलेज व नंतर डेक्कन कॉलेज आकाराला आले.

मे १८७९ च्या आगीत पेशव्यांचा दुसरा वाडा, बुधवारवाडा, संपूर्ण जळाला. विश्रामबागवाड्याचा पूर्वेकडील भाग गेला. नागरिकांच्या वर्गणीची जोड देऊन नगरपालिकेने तो पुन्हा उभा केला. वाड्यात शाळाही भरत असे. १९३० ते १९५९ पुणे नगरपालिकेचा (पुढे महानगरपालिकेचा) कारभार येथून चाले. त्यानंतर टपाल कार्यालय आणि पुण्याच्या इतिहासावरील प्रदर्शन यांनाही वाड्यात जागा मिळाली.