रक्तातील क्लोराइड

क्लोराइड हा क्लोरीन या मूलद्रव्याचा ऋणभारित आयन असून मानवी शरीरातील पेशीबाह्य द्रवात सर्वाधिक आढळणारा ऋणायन आहे. तो मुख्यतः आहारातील मिठातून मिळतो. मिठाच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भाग क्लोराइडचा असतो. तरीही मिठाविषयीची चर्चा बहुधा सोडियमपुरतीच मर्यादित राहते.

कार्य

सोडियमसह क्लोराइड शरीरातील पाण्याची वाटणी व तर्षण दाब राखतो. जठररसातील हायड्रोक्लोरिक आम्ल त्यापासूनच तयार होते. हे आम्ल विल्यम प्राउट यांनी १८२३ मध्ये ओळखले. ऊतींमध्ये कार्बन डायऑक्साइड तांबड्या पेशींत शिरून त्याचे बायकार्बोनेट बनते. ते बाहेर पडताना विद्युतभाराचा समतोल राखण्यासाठी क्लोराइड आत येतो. फुप्फुसांत हीच क्रिया उलट दिशेने घडते. तिला 'क्लोराइड शिफ्ट' म्हणतात.

रक्तातील पातळी

प्रौढांच्या रक्तरसात क्लोराइडचे प्रमाण साधारणतः ९६ ते १०६ मिलिमोल प्रति लिटर असते. प्रयोगशाळेनुसार या मर्यादा किंचित बदलतात. दीर्घकाळ उलट्या झाल्यास किंवा मूत्रल औषधांमुळे पातळी घटते. अशा वेळी मूत्रपिंडे बायकार्बोनेट पुरेसे बाहेर टाकू शकत नाहीत आणि रक्ताची अल्कता वाढते. अतिसारात उलट घडते: बायकार्बोनेट मलावाटे जाते व त्याची जागा क्लोराइड घेतो. शिरेतून दिल्या जाणाऱ्या 'नॉर्मल सलाइन'मध्ये क्लोराइड १५४ मिलिमोल प्रति लिटर, म्हणजे रक्तापेक्षा बराच जास्त असतो. त्यामुळे ते मोठ्या प्रमाणात दिल्यासही रक्ताची आम्लता वाढू शकते. क्लोराइडचा आकडा एकटा फारसे सांगत नाही. तो सोडियम व बायकार्बोनेटसोबतच वाचावा लागतो.

केवळ क्लोराइडच्या अभावाने काय होते, हे अमेरिकेत १९७८-७९ मध्ये दिसून आले. सोयाबीनपासून बनवलेल्या एका शिशुआहारात मीठ घालणे बंद झाल्याने त्यात क्लोराइड अत्यल्प उरला होता. प्रामुख्याने त्यावरच पोसलेल्या बाळांची भूक मंदावली, वाढ खुंटली आणि रक्तातील अल्कता वाढली. यानंतर १९८० मध्ये तेथे शिशुआहारातील पोषकद्रव्यांविषयी कायदा झाला.

निदानातील उपयोग

सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात पेशीपटलावरील क्लोराइडची वाहिनी सदोष असते. त्यामुळे घाम अतिशय खारट होतो. घामात क्लोराइड ६० मिलिमोल प्रति लिटर किंवा अधिक आढळल्यास या आजाराच्या निदानास पुष्टी मिळते. रक्तात ब्रोमाइड असल्यास मात्र काही यंत्रे त्यालाच क्लोराइड समजून चढा आकडा दाखवतात.