जिन्याखालच्या खोक्याला भोक कुठे पाडायचं?

आजचा भाग सूसबद्दल, म्हणजे मुळशी तालुक्याबद्दल. याच तालुक्यात १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. धरण तरीही झालं, आणि १९२७ पासून भिऱ्याच्या केंद्रातली वीज मुंबईकडे जाऊ लागली. वीज अशी दूर तयार व्हायची. ती घरातच साठवायची वेळ आणली २००५ नंतरच्या लोडशेडिंगनं. घरोघरी इन्व्हर्टर आले, बॅटरी जिन्याखाली गेली आणि दिसायला बरं म्हणून तिच्याभोवती प्लायवूडचं खोकं आलं.

आता ही बॅटरी मुळात १८५९ची! फ्रान्सच्या गास्तों प्लांतेनं शिसं आणि गंधकाम्ल वापरून बनवलेली. तिची एक खोड आजही तीच आहे. चार्जिंग संपत आलं की आतलं पाणी फुटतं आणि हायड्रोजन निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. हवेत तो ४ टक्के झाला की स्विचची ठिणगीही पुरते. हे नुसतं पुस्तकात नाही. जानेवारी १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या नौदल गोदीत ई-२ पाणबुडीत बॅटरीचा हायड्रोजन साचला, स्फोट झाला, माणसं दगावली.

मग करायचं काय? हायड्रोजन हवेपेक्षा सुमारे १४ पट हलका, तो वरच जाणार. म्हणून भोकं दोन: खाली एक, ताजी हवा आत यायला, दुसरं अगदी वरच्या टोकाला, गॅस थेट घराबाहेर जायला. फक्त खाली जाळी लावून उपयोग नाही. इन्व्हर्टर त्याच खोक्यात नको, कारण त्याच्या रिलेतून ठिणगी पडते. आणि 'सीलबंद' नावावर जाऊ नका, त्या बॅटरीलाही झडप असते.

२०२१ मध्ये सूस पुणे महापालिकेत आलं. आता नवीन घरांत लिथियम बॅटरी येतेय. ती रोज गॅस सोडत नाही. तिला हवा लागते ती थंड राहायला. पण सेल बिघडून तापला, तर ज्वलनशील आणि विषारी धूर एकदम निघतो. तिथे दोन भोकं काय करणार? म्हणून लिथियमसाठी प्रश्नच बदलतो: भोक कुठे, यापेक्षा बॅटरी कुठे? बेडरूममध्ये नको. आणि जिन्याखाली तर नकोच, कारण आग लागली तर आपण पळणार त्याच जिन्यानं.

बॅटरी फुगलेली दिसली, धूर दिसला, तर हात लावू नका. सगळ्यांना बाहेर काढा, १०१ लावा.

आज घरी गेलात की जिन्याखाली एकदा वाकून बघा. भेटू पुढच्या भागात!