पाणीपत्रिकेवर दोन नावं

१२ एप्रिल २०१६. पहाटेची वेळ आहे आणि तुम्ही लातूरच्या रेल्वे यार्डात उभे आहात. मिरजेहून आदल्या दिवशी निघालेली ‘जलदूत’ आत शिरते आहे. दहा वाघिणी, एकेकीत सुमारे ५० हजार लिटर पाणी. कोट्याच्या रेल्वे कारखान्यात वाफेने धुऊन काढलेल्या या वाघिणींतून कृष्णेचं पाणी साडेतीनशे किलोमीटर लांब आलंय, कारण ज्या मांजरा धरणावर हे शहर जगतं त्याचा तळ उघडा पडलाय. शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती गेल्या महिन्यापासून जमावबंदी आहे. गल्ल्यांमध्ये माणसांऐवजी घागरीच नंबराला लागल्या आहेत.

या नंबरात एकमेकांवर जीव असलेले दोन पुरुषही असणार. आसपासचे त्यांना ‘रूम पार्टनर’ म्हणतात. आज तरी त्यांचं एकत्र येणं कायद्याने गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालय ती बेडी तोडेल ६ सप्टेंबर २०१८ ला. तोवर हे दोघं आपापल्या घागरी घेऊन पुढेमागे, पण अनोळखी असल्यासारखे उभे राहतात.

आता ५६ वर्षं पुढे चला.

मे २०७२. तेच यार्ड, पण रुळांच्या दोन्ही बाजूंना उंच जाळी आणि दर पन्नास पावलांवर पहारा. १९७२ च्या दुष्काळाला शंभर वर्षं झाली. त्या वर्षी लोकांनी दुष्काळी कामांवर खडी फोडली, मिलो ज्वारी आणि सुकडीवर दिवस काढले. तरी तो दुष्काळ अन्नाचा होता, पाण्याचा नव्हता, असं मराठवाड्यातले म्हातारे सांगत. आता उलटं झालंय. धान्य दुकानात मिळतं, ते शिजवायला पाणी नाही. हजार फुटांच्या बोअरमधून नुसती धूळ येते. उसाची शेतं गेली, मग कारखाने गेले, मग ज्यांना जाणं शक्य होतं ती माणसं गेली.

जे राहिले त्यांच्याकडे पाणीपत्रिका आहे. कुटुंबाला रोज चार घागरी, एकट्याला दिवसाआड एक कळशी. कुटुंब म्हणजे नवरा-बायको, मुलं, आईबाप. पत्रिकेवर नात्याचा रकाना आहे आणि त्यात काय लिहायचं ते आधीच ठरलेलं आहे. एका छताखाली एकट्यांच्या दोन पत्रिका सापडल्या तर दोन्ही बोगस धरून रद्द होतात.

जाळीच्या आत जो माणूस वाघिणीचा व्हॉल्व्ह उघडतोय, त्याला सगळे फिटर म्हणतात. रोज लाखो लिटर पाणी त्याच्या हातांखालून वाहतं आणि ड्युटी संपली की त्याची झडती होते. ओला रुमाल खिशात सापडला तरी दंड आहे. तो बाहेर पडला की तुम्ही त्याच्या मागे निघा. कागदावर त्याचा पत्ता स्टेशनजवळच्या एका खोलीचा आहे. तिथे तो दिवा लावतो, खाट विस्कटून ठेवतो आणि मागच्या दाराने निघतो. तीन गल्ल्या ओलांडल्या की मास्तरांचं घर लागतं.

मास्तर शाळेत भूगोल शिकवतात. दोन दिवस तापाने अंथरुणाला खिळलेत. फिटर आत येतो आणि कळशीत बोट बुडवून पाण्याची पातळी बघतो.

“मास्तर, सकाळपासून किती पाणी पिलास?”

“पिलो की.”

“खोटं बोलू नको. कळशी तशीच हाय.”

“तू उन्हात असतोस दिवसभर. मी घरातच हाय.”

“ताप तुला हाय का मला?”

मास्तर काही बोलत नाहीत. फिटर तांब्या भरतो आणि त्यांच्या पाठीला हात देऊन त्यांना बसवतो. ते पाणी पीत असताना तो त्यांच्या गळ्याची हालचाल बघत राहतो, एकेक घोट मोजत. मग उरलेल्या अर्ध्या तांब्यात फडकं बुडवतो. आधी कपाळ, मग मान, मग पाठीचा कणा वरून खाली. फडकं पिळून पडलेलं पाणी पितळी परातीत जमतं, त्यात तो स्वतःचे पाय बुडवून बसतो. त्या पाण्याने नंतर भांडी विसळली जातील, आणि शेवटी जे काही उरेल ते दारातल्या कडुलिंबाच्या रोपाला जाईल.

“हात आण इकडं,” मास्तर म्हणतात. फिटरच्या तळव्यावर व्हॉल्व्हच्या चाकाने घट्टे पडलेत. मास्तर त्यांवर तेलाचं बोट फिरवतात. कळशीतलं पाणी कमी झालं म्हणून दोघांपैकी कुणीच काही बोलत नाही. पहाटे तपासणीची फेरी येते, त्याआधी फिटरला आपल्या खोलीत पोचायचं असतं. अकरा वर्षं तो असाच येतो आणि जातो. त्यांच्यावर कुणी खटला भरलेला नाही, कुणी दगड मारलेला नाही. त्यांना फक्त कुटुंब म्हणून मोजलेलं नाही, आणि म्हणून तापातही एक कळशी दोघांत पुरवायची वेळ आली आहे.

आता परत या, आपल्या काळात. वर पाहिलेलं २०७२ अजून घडलेलं नाही, आणि ते टाळण्याची साधनं आपल्या हातात आहेत. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला, हे खरं आहे. पण २०२४ मध्ये केंद्राच्या अन्न व सार्वजनिक वितरण विभागाने राज्यांना कळवलं की रेशनकार्डासाठी अशा जोडीदारांना एकाच कुटुंबातले धरावं. आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात घरातली सर्वांत मोठी स्त्री कुटुंबप्रमुख असली, तरी ज्या घरात प्रौढ स्त्री नाही तिथे सर्वांत मोठा पुरुष प्रमुख धरण्याची सोय आहे. म्हणजे पुरुष प्रमुख असलेलं घर कायद्याला आजही चालतं.

टंचाई आली की सरकार माणसांना कार्डावरून ओळखतं. धान्य आणि बरीचशी मदत तिथूनच वाटली जाते. सुकाळात जो कागदावर नाही, त्याला दुष्काळात कुणी शोधत येत नाही. म्हणून प्रेमाचा हक्क ही शहरातल्या पोटभरल्यांची चैन आहे, असं जे म्हणतात, त्यांना माझं सांगणं आहे की हा हक्क सगळ्यात आधी पाण्याच्या नळावर लागतो.

तुमच्या तहसीलच्या पुरवठा शाखेत जा आणि रेशनकार्डाबद्दलची केंद्राची ती सूचना तिथे पोचलीय का, विचारा. असे दोघं तुमच्या ओळखीत असतील तर अर्ज भरायला त्यांच्यासोबत जा, खिडकीशी उभे राहा. मराठवाड्यात दुष्काळ पुन्हा येणार आहे. तो येण्याआधी ही दोन नावं एका कार्डावर चढली पाहिजेत.