पूर्व, पश्चिम आणि कळफलक

मुंबईच्या उपनगरांत कोणताहि अर्ज, दाखला किंवा साधें टिपण लिहावयाचें म्हटलें कीं ‘पूर्व’ आणि ‘पश्चिम’ यांपैकीं एक शब्द लिहिल्यावांचून गत्यंतर नसतें. लोहमार्गानें अंधेरी, बोरिवली, मुलुंड व घाटकोपर या गांवांचे दोन दोन भाग केले, आणि तेव्हांपासून पत्त्याला दिशेची जोड मिळाली. हे शब्द उच्चारावयास क्षणहि लागत नाहीं. परंतु ते कागदावर उतरविण्याची रीत गेल्या शंभर वर्षांत अनेक वेळां बदलली. प्रत्येक बदलाच्या वेळीं काम जलद होईल असें सांगण्यांत आलें. तें कोणाच्या बाबतींत खरें ठरलें, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटला तरी त्याशीं पुष्कळांच्या रोजच्या भाकरीचा संबंध आहे.

यंत्र येण्यापूर्वीं जलद लेखनाचें साधन म्हणजे मोडी लिपि. हात फारसा न उचलतां ओळीमागून ओळ लिहितां यावी म्हणून तिच्या अक्षरांना गोलाई आली. शिरोरेषा अगोदरच आंखून घेत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळण्यांत वेळ दवडीत नसत. साष्टी बेट १७३७ सालीं मराठ्यांनीं पोर्तुगीजांकडून घेतलें व १७७४ च्या अखेरीस तें इंग्रजांच्या हातीं गेलें. पण महसुलाचें मराठी लिखाण त्यानंतरहि दीर्घकाळ मोडींत होत राहिलें. आज या भागांतील एखाद्या कुटुंबास पणजोबांच्या जमिनीचा कागद सांपडला, तर तो वाचण्यासाठीं मोडी जाणणारा शोधावा लागतो. कारकुनाचा जो वेळ तेव्हां वांचला, तो त्याच्या पणतवंडांना आतां भरून द्यावा लागत आहे.

छापखान्याबरोबर बाळबोध लिपि पुढें आली आणि टंकलेखनयंत्रानें तिच्यापुढें नवी अडचण उभी केली. अमेरिकेंत रेमिंग्टन कंपनीनें १८७४ सालीं बाजारांत आणलेलें यंत्र इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांसाठीं घडविलेलें होतें. पुढें त्याची जी घडण रूढ झाली तींत कळा चाळीस-पंचेचाळीस आणि प्रत्येकीवर दोन ठसे. म्हणजे सारीं मिळून नव्वदांच्या आसपास चिन्हें. उलट बाळबोध छपाईस जोडाक्षरांसह कित्येक शेंकडे खिळे लागत. तेव्हां लिपीच यंत्राजोगी करावी असें म्हणणारा एक पक्ष निघाला. सावरकरांनीं पुरस्कारिलेली ‘अ’ची बाराखडी, म्हणजे इ, ई, उ, ऊ यांऐवजीं ‘अ’लाच वेलांट्या व उकार जोडण्याची पद्धति, त्याच विचारांतली होय. ती सार्वत्रिक झाली नाहीं. यंत्रकारांनीं दुसरा मार्ग धरला. त्यांनीं अक्षराचेच तुकडे पाडले.

हे तुकडे जोडण्याची रीत पाहण्यासारखी आहे. ‘ण’ हें अक्षर अर्धा ‘ण्’ आणि काना अशा दोन आघातांनीं पुरें होई. ‘आ’ म्हणजे ‘अ’ आणि काना. पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे दिसते, म्हणून ती अक्षराच्या आधीं मारावयाची. रफार शेवटच्या अक्षराच्या डोक्यावर दिसतो, म्हणून तो मागाहून. ‘पश्चिम’ लिहितांना प, वेलांटी, अर्धा श, च व म असे पांच आघात होत. ‘पूर्व’ या शब्दांतील रफार उच्चारांत ‘व’च्या आधीं, पण बोटांखालीं ‘व’च्या नंतर. या यंत्रावर शब्द ऐकूं येतो तसा लिहावयाचा नसे. दिसतो तसा लिहावयाचा असे.

ज्या गोदरेज अँड बॉइस कंपनीची विस्तीर्ण उद्योगनगरी घाटकोपर व मुलुंड यांच्यामधील विक्रोळीस आहे, तिनें १९५५ सालीं स्वदेशी टंकलेखनयंत्र तयार केलें. १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें. १९६४ च्या कायद्यानें मराठी ही राज्यकारभाराची भाषा ठरली, आणि कचेऱ्यांतून मराठी टंकलेखकांची गरज वाढली. इंग्रजीसाठीं मिनिटाला चाळीस शब्दांची गति अपेक्षित असे, मराठीसाठीं तीस. हा दहा शब्दांचा फरक पुष्कळ कांहीं सांगून जातो. तरीहि गल्लोगल्लीं निघालेल्या टंकलेखनवर्गांतून मुलामुलींनीं ही उलटसुलट मांडणी बोटांत भिनविली, आणि तिच्या बळावर नोकऱ्या मिळवून घरें चालविलीं.

पुढें संगणक आला. त्यावर कळेचा आणि ठशाचा संबंध उरला नाहीं. तुकडे जोडण्याचें काम यंत्रच करूं शकत होतें. १९८६ सालीं केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्यानें ‘इनस्क्रिप्ट’ नांवाची नवी मांडणी प्रमाण ठरविली. तिची रचना मोठी तर्कशुद्ध आहे. स्वर डाव्या हाताकडे, व्यंजनें बहुतांशीं उजव्याकडे. ‘क’च्या कळेबरोबर शिफ्टची कळ दाबली कीं ‘ख’, ‘ग’बरोबर दाबली कीं ‘घ’. शब्द ज्या क्रमानें उच्चारावा त्याच क्रमानें लिहावा. शिवाय ‘क’ची जी जागा मराठींत, तीच बंगालींत, तमिळमध्यें आणि कानडींत.

या मांडणीनें काम खरोखर हलकें झालें कां? ‘आणि’ हा शब्द घ्यावा. जुन्या यंत्रावर त्याला अ, काना, वेलांटी, अर्धा ण, काना असे पांच आघात लागत. नव्या मांडणींत आ, ण, वेलांटी असे तीनच, जरी त्यांपैकीं दोहोंस शिफ्टची जोड लागते. परंतु ‘पश्चिम’ या शब्दास पूर्वीं पांच आघात होते, ते आतां सहा झाले; कारण ‘श’चा पाय मोडण्यासाठीं निराळी कळ दाबावी लागते. म्हणजे निव्वळ आघातांच्या हिशेबांत कोठें लाभ, तर कोठें तोटा.

खरा हिशेब आघातांचा नव्हेच. ज्या हातानें वीस वर्षें वेलांटी आधीं मारली, त्यास ती आतां नंतर मारावयाची होती. ज्यानें रफार शेवटीं ठेवला, त्यास तो मध्यें घालावयाचा होता. शिकलेला हात विचार करीत नाहीं, म्हणूनच तो जलद असतो. नव्या मांडणीनें त्याला पुन्हां विचार करावयास लावलें. मिनिटाला तीस शब्द म्हणजे दर शब्दास दोन सेकंद. दर शब्दामागें केवळ एक सेकंद अडखळल्यास तीस शब्दांचे वीस होतात. पगारी कारकुनाला यानें बोलणीं बसतील. पण जो पानामागें पैसे घेऊन अर्ज व प्रतिज्ञापत्रें लिहून देतो, त्याची दिवसाची मिळकत एक तृतीयांशानें घटते.

अमेरिकेंतहि असेंच घडलें होतें. ऑगस्ट ड्वोरॅक यांनीं १९३६ सालीं इंग्रजी कळफलकाच्या सुधारलेल्या मांडणीचें पेटंट घेतलें. तरीहि जुनीच मांडणी टिकून राहिली. याला केवळ जनांचा आळस म्हणणें अन्यायाचें होईल. हाताची सवय हें श्रमानें सांठविलेलें भांडवल असतें, आणि ज्याच्यापाशीं दुसरें भांडवल नाहीं त्यानें तें सहजासहजीं टाकून द्यावें, ही अपेक्षा करणें सोपें असतें.

तथापि जुन्या मांडणीचा हट्टहि निर्दोष नव्हता. संगणकाच्या पहिल्या काळांत प्रत्येक कंपनीच्या मराठी अक्षरसंचाची अंतर्गत रचना निराळी असे. एका ठिकाणीं टंकलेला मजकूर दुसऱ्या ठिकाणीं उघडला कीं अर्थहीन चिन्हांची रांग दिसे. मोडीच्या कागदांस अवाच्य व्हावयास दोन-तीन पिढ्या लागल्या. या मजकुरास शेजारच्या टेबलावर जाण्याचा तेवढाच अवकाश पुरे. युनिकोडच्या समान संकेतांनीं हा दोष दूर झाला. पुढें त्या संकेतांवर चालणारी रेमिंग्टन पद्धतीची मांडणीहि संगणकावर मिळूं लागली, आणि जुन्या हातांची सोय झाली. वेलांटी आधीं मारली तरी यंत्र ती आंतल्या आंत योग्य जागीं ठेवतें. हीच तडजोड शहाणपणाची ठरली. विक्रोळीच्या कंपनीनें २००९ सालीं टंकलेखनयंत्रांचें उत्पादन थांबविलें. पण त्या यंत्रांवर तयार झालेलीं बोटें निकामी झालीं नाहींत.

ज्यांनीं कोणताच कळफलक शिकला नव्हता, त्यांचा विचार पवईस झाला. तेथील आय. आय. टी. मध्यें १९६९ सालीं स्थापन झालेल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रांत प्रा. अनिरुद्ध जोशी व त्यांचे सहकारी यांनीं मोबाइलसाठीं ‘स्वरचक्र’ नांवाची मांडणी सिद्ध केली. ती २०१३ सालीं लोकांपुढें आली. तींत व्यंजनें शाळेंतल्या पाटीवरच्या क्रमानें मांडलेलीं असतात. ‘क’वर बोट टेकलें कीं त्याच्याभोंवतीं का, कि, की, कु असें चक्र उमटतें, हवें त्या दिशेस बोट सरकवावें. येथें पाठ करावयाचें कांहीं उरत नाहीं. मूळाक्षरें येत असलीं म्हणजे झालें. भाजीचा हिशेब टिपून ठेवणारी बाई किंवा मुलाला निरोप धाडणारे आजोबा यांना ज्ञात असलेल्या वस्तूवरच ही मांडणी उभी आहे.

कोणतीहि मांडणी स्वतःपुरती जलद किंवा मंद नसते. ती कोणाच्या तरी हातांत जलद किंवा मंद ठरते. इनस्क्रिप्ट सदोष नव्हती, आणि रेमिंग्टनचे टंकलेखक हेकट नव्हते. ज्यांचा हात तयार आहे त्यांचा तो हात राखावा, आणि ज्यांचा हात अजून कोरा आहे त्यांच्यासाठीं सोपी वाट करावी, एवढें पथ्य पाळलें तर बदल जाचत नाहीं. आजहि बोरिवलीच्या एखाद्या अर्जावर ‘पश्चिम’ हा शब्द उमटतो, तेव्हां त्यांतील वेलांटी कोणीं आधीं मारली आणि कोणीं नंतर, हें वाचणाऱ्यास कळत नाहीं; आणि कळण्याचें कारणहि नाहीं.