एकाचा सूर, दुसऱ्याचा गंध

वसई पूर्वेकडील तुंगारेश्वरच्या डोंगराला २००३ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. पावसाळ्यातील रात्री सह्याद्रीच्या अशा जंगलात दोन कीटक जोडीदाराच्या शोधात असतात : अ‍ॅटलास पतंग आणि रातकिडा. दोघेही निशाचर, मात्र त्यांच्यात साम्य फारसे नाही.

अ‍ॅटलास पतंग : हा खवलेपंखी गणातील कीटक. पंखांचा विस्तार वीतभर, क्वचित २४ सेंटिमीटरपर्यंत. अंडे, सुरवंट, कोष आणि पतंग अशा चार अवस्थांतून तो जातो. पंख फुटलेल्या पतंगाचे तोंड निकामी असते. सुरवंट असताना पाने खाऊन साठवलेल्या चरबीवर तो जेमतेम आठवडा-दोन आठवडे जगतो. मादी एका जागी बसून गंध सोडते आणि नर पिसांसारख्या मिशांनी तो दुरून टिपतो. हा सारा व्यवहार निःशब्द असतो.

रातकिडा : हा नाकतोड्याच्या ऋजुपंखी गणातला. त्याला कोषावस्था नाही. अंड्यातून निघालेले पिल्लू कात टाकत मोठे होते. पाने, कुजका पालापाचोळा, लहान कीटक असे त्याला काहीही चालते. 'किर्र' रात्रीचा आवाज नराचा. एका पंखावरील दातेरी शिरेवर तो दुसऱ्या पंखाची कड घासतो. रातकिड्याचे कान पुढच्या पायांवर असतात. त्यांच्या आधारे मादी नराची दिशा शोधते.

शहराचा उपद्रव दोघांना वेगवेगळा होतो. पतंग दिव्यावर प्रेमाने झेपावतो, हा कविकल्पनेचा भाग झाला. २०२४ साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील संशोधकांसह एका गटाने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, उडताना अनेक कीटक पाठ उजेडाकडे ठेवतात. रात्रीही जमिनीपेक्षा आकाश उजळ असल्याने त्यांना वर-खाली यातला फरक त्यावरून कळतो. कृत्रिम दिव्याजवळ मात्र हा अंदाज चुकतो आणि ते दिव्याभोवती अडकून पडतात. मोजक्या रात्रींचे आयुष्य असलेल्या अ‍ॅटलासला एक वाया गेलेली रात्रही महाग पडते. रातकिड्याची अडचण गोंगाटाची. वाहनांच्या आवाजात त्याची साद मादीपर्यंत पोहोचणे कठीण होते.

विरार-वसई पट्ट्यातील वसाहती डोंगराच्या दिशेने सरकत असताना दिव्यांचा झोत जमिनीकडे वळवणे आणि अनावश्यक दिवे रात्री मालवणे, एवढ्यानेही पतंगाची वाट मोकळी होऊ शकते. रातकिड्याला मात्र शांतताच हवी.