बहिरी
बहिरी : अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) निजामशाही घराण्याचे उपनाम. आदिलशाही, कुतुबशाही, इमादशाही ही दख्खनची घराणी पदव्यांवरून ओळखली गेली. ‘निजामशाही’ हे नावही ‘निजाम-उल-मुल्क’ या किताबावरून आले. बहिरी हे उपनाम मात्र एका घरगुती हाकेतून आले.

इतिहासकार फिरिश्ता याने दिलेली हकीकत अशी : पाथरीच्या (जि. परभणी) कुलकर्णी घराण्यातील बहिरू हा ब्राह्मण विजयनगरच्या मुलखात राहत होता. त्याचा मुलगा तिमाभट लहानपणी बहमनी फौजेच्या हाती लागला. बाटवल्यावर त्याचे नाव मलिक हसन झाले, पण बापाच्या नावावरून त्याला ‘हसन बहिरू’ म्हणत. राजपुत्र महंमद त्याच्याबरोबर शिकत होता. त्याला हा उच्चार जमेना, म्हणून तो ‘बहरी’ म्हणू लागला. फारसीत बहरी म्हणजे शिकारी ससाणा, त्यामुळे दरबारात हे नाव सहज खपले. काही अभ्यासक ते हसनकडे असलेल्या शाही ससाण्यांच्या देखरेखीशी जोडतात. भैरवाचे ‘बहिरू’, ‘बहिरोबा’ हे रूप मात्र नगरच्या खेड्यापाड्यांत आजही नेहमीचे आहे.

१४८१ मध्ये बहमनी वजीर महमूद गावानचा वध झाल्यावर मलिक हसन बहमनी राज्याचा सर्वेसर्वा झाला. १४८६ मध्ये बीदरला तो मारला गेला. त्याचा मुलगा मलिक अहमद १४९० मध्ये स्वतंत्र झाला. पुढे त्याने भिंगारजवळ अहमदनगर वसवले. शाही किताब धारण केल्यावरही घराण्याने बापाची खूण टाकली नाही. मराठी बखरींतही ‘बहिरी निजामशहा’ असा उल्लेख येतो. १६३६ मध्ये राज्य बुडाले आणि राजघराण्याचे उपनाम म्हणून बहिरीची वाटचाल थांबली.

दरबारी इतिहासकार सय्यद अली तबातबा याने ‘बुऱ्हान-इ-मआसिर’मध्ये अहमदला थेट बहमनी सुलतानाचा पुत्र ठरवले आहे. आश्रयदात्याला राजवंश बहाल करण्याचा हा प्रयत्न उघड दिसतो. तारुण्य अहमदनगरात काढलेल्या फिरिश्त्याची हकीकत अधिक पटते, आणि त्याचे कारण पाथरी. हे पूर्वजांचे गाव वऱ्हाडच्या इमादशाहीकडे होते. त्याच्या मोबदल्यात दुसरा मुलूख देऊ, असे बुऱ्हाण निजामशहाच्या (मृ. १५५३) दरबाराने कळवले. वऱ्हाडने नकार दिला, तेव्हा अहमदनगरने लढून पाथरी घेतली. फिरिश्ता लिहितो, की बुऱ्हाणने ती पुढे आपल्या ब्राह्मण भाऊबंदांना इनाम दिली.